खिडकीवरच्या फुल्या

१

“म्याडम, पोरगी न्हाई!”

द्वारकाबाई माझ्या टेबलासमोर येऊन एवढंच बोलल्या आणि मटकन खाली बसल्या. कोणती पोरगी, हे मी विचारलं नाही. आमच्या कारखान्याच्या आवारात पोरगी एकच होती. दारिना, आठ वर्षांची, कणसाच्या केसांसारखे पिवळे केस असलेली. तिची आई सकाळीच सरकारी कामासाठी हिंगोलीला गेली होती आणि लेकीला माझ्या भरवशावर ठेवून गेली होती.

मी धावले. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारी बाई एप्रिलच्या उन्हात जेवढी धावू शकते तेवढी धावले.

आमची कंपनी हळदीची. कुरुंद्याच्या शिवारात कारखाना, आणि माल पार युक्रेनपर्यंत जायचा. तिथे खारकीव शहरात आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. गोरेगावचा हरीश तिथे विक्री बघायचा आणि ओक्साना नावाची बाई हिशेब. त्या फेब्रुवारीत तिथे बॉम्ब पडायला लागले. मालकांनी तातडीची बैठक घेतली आणि म्हणाले, आपल्या माणसाला सुखरूप आणायचं, लागेल तो खर्च करा. मी कंपनीत कर्मचाऱ्यांचं सगळं बघणारी, प्रेमा जोशी. जिभेला हाड नाही म्हणून प्रसिद्ध. मी विचारलं, “हरीश आपला माणूस, आणि ओक्साना कुणाची? तिला पगार काय शेजारची कंपनी देते?” मालकांनी ओक्सानाचंही नाव यादीत घातलं. मग बस ठरली, सीमा ओलांडली गेली, विमानाची तिकिटं निघाली, आणि हरीशबरोबर ओक्साना आणि तिची लेक कुरुंद्याला आल्या. ओक्सानाचा नवरा आंद्री तिकडेच राहिला. पुरुषांना देश सोडायची परवानगी नव्हती.

म्हणजे त्या दोघींना इथे आणायचा हट्ट माझा होता. धावताना डोक्यात तेवढंच होतं.

गेस्ट हाऊसच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. पलंगावरची चादर अर्धी खाली लोंबत होती. दारामागच्या खुंटीवर दारिनाची पाठीवरची पिशवी असायची, ती नव्हती. बूट नव्हते. पाण्याची बाटली नव्हती. टेबलावर बिस्किटांचा पुडा असायचा, तोही नव्हता. आणि द्वारकाबाईंनी पाळलेलं मांजराचं पिल्लू, जे दिवसभर त्या पोरीच्या मांडीवर असायचं, तेसुद्धा गायब.

भिंतीपाशी एक फोन चार्जिंगला लावलेला होता. त्याच्या काचेवर लाल चौकट आणि त्यात आम्हाला न कळणारी अक्षरं होती.

आणि खिडक्यांवर त्या फुल्या. पाकिटं बंद करायची खाकी चिकटपट्टी घेऊन कुणीतरी प्रत्येक काचेवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मोठी फुली मारली होती. त्या परवापासून दिसत होत्या. कामगार बायकांत कुजबुज चालली होती की ही चोरांची खूण आहे, कुणी म्हणे करणी आहे. मी त्यांना हसले होते. ओक्सानाला विचारायचं मात्र मी टाळलं. आगीतून आलेली बाई, तिला आणखी कशाला घाबरवा?

आता त्या फुल्यांकडे बघताना मला हसू येईना.

“आधी विहीर बघा,” मी ओरडले.

विहिरीत गळ टाकला. दोघं जण आत उतरले. मी काठावर उभी होते आणि माझ्या ओठांतून नागनाथाचं नाव आपोआप निघत होतं. विहिरीत काही नव्हतं. फाटकावरचा जळबा शपथेवर सांगत होता की त्याच्यासमोरून पोरगी बाहेर गेली नाही.

“आन म्याडम,” तो हळूच म्हणाला, “पोरगी आपल्या आपून गेली असती तर पिशवी भरून कशाला नेली असती? कुणीतरी तिला तयारी करून नेलंय.”

२

ओक्सानाला हिंगोलीला घेऊन गेलेल्या हरीशला फोन लावला. जीप औंढ्याजवळ होती, शेजारी ओक्साना. मी त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाले, तिला इथे पोचेपर्यंत काही बोलू नको. तो नुसता “हूं” म्हणाला. पोलिसांनाही कळवलं. ते निघाले होते. पण हातावर हात ठेवून बसले असते तर मला वेड लागलं असतं, म्हणून मी द्वारकाबाईंना स्वयंपाकघरात नेऊन दार लावून घेतलं.

द्वारकाबाई गेस्ट हाऊसच्या स्वयंपाकीण. साठीच्या, अंगाने भरलेल्या, आणि दारिनावर जीव टाकणाऱ्या. त्या पोरीला मराठी येत नव्हतं आणि यांना दुसरं काही येत नव्हतं, तरी दोघी दिवसभर बोलायच्या.

“खरं सांगा, शेवटचं कधी पाहिलंत तिला?”

“जेवण झालं. वरण-भात खाल्ला लेकरानं. मंग त्या फोनवर कायतरी चित्रं पाहून राहिली होती.”

“तो जुना फोन?”

“व्हय. सकाळी तुमी तिच्या मायला नवा दिला न्हाई का? जातांनी मायनं जुना लेकराला देला. आवाज लई मोठा ठिवती ती. माही तर झोपच उडती.”

“म्हणजे तुम्ही झोपला होतात.”

द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला. “जराशीक पडले होते, म्याडम. देवाशपथ जराशीक. मंग कायतरी लांबलचक वराडलं. मला वाटलं, रस्त्यानं ॲम्बुलन्स गेली. कूस बदलली आन पुन्यांदा डोळा लागला. उठून पाहते तं खोली रिकामी.”

“आणि या फुल्या? कुणाला मारताना पाहिलंत?”

“मारतांनी कुणालाच न्हाई. पण परवा किसनआबा खिडकीम्होरं उभा होता. त्या फुल्यांकडं पाहत लई येळ उभा होता. मी म्हनलं, आबा, काय पाहता? तं बोललाच न्हाई. डोळ्यांत पानी होतं का काय, कोण जाणे.”

किसनराव.

कारखान्याची जमीन मुळात त्यांची. आमच्या मागच्या कुंपणाला लागून त्यांचं अंगण. म्हातारा ऐंशीच्या घरातला, एकटा, कमी बोलणारा. ओक्साना आली त्या दिवशीची गोष्ट मी विसरले नव्हते. तिने सामान खाली ठेवण्याआधी हरीशला विचारलं होतं, इथे तळघर कुठे आहे? आम्हाला हसू आलं. कुरुंद्यात तळघर कुठून आणायचं? हरीशने थट्टेने किसनरावांच्या अंगणातलं पेव दाखवलं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं जुन्या काळचं ज्वारीचं कोठार, वर माणूस उतरेल एवढंच तोंड. परदेशी गिऱ्हाइकांना दाखवायला आम्ही ते झाडूनपुसून शिडीही लावली होती. दारिना त्यात वाकून बघून आली आणि आम्ही सगळे आणखी हसलो.

किसनराव तेवढे हसले नव्हते. ते मला म्हणाले होते, “लढाईतून माणसं आणली की लढाई त्याईच्या मागं येती, बाई.”

मी तेव्हा त्यांना चार शब्द सुनावले होते. आता ते वाक्य कानात घुमायला लागलं.

३

किसनरावांकडे जायला निघाले, तर फाटकापाशी पांढरी गाडी उभी दिसली. आत दोन अनोळखी माणसं होती आणि आमचा कारखाना व्यवस्थापक विश्वजीत त्यांच्याशी खिडकीतून बोलत होता. मला बघताच तो गाडीपासून असा बाजूला झाला, जणू चटका बसला.

विश्वजीत हुशार, पुण्यात शिकलेला, इस्त्रीची घडी न मोडणारा. या दोघींना कारखान्यात ठेवायला त्याचा पहिल्यापासून विरोध होता. जबाबदारी कोण घेणार, हा त्याचा प्रश्न.

“कोण आहेत हे?”

“गिऱ्हाईक आहेत.”

“गिऱ्हाइकाचं नाव जळबाने लिहून का घेतलं नाही?”

जळबा मान खाली घालून म्हणाला, “सायबांनी नको म्हनलं.”

मी सरळ विश्वजीतच्या गाडीकडे गेले. त्याने किल्ली खिशात घातली. चोराच्या मनात चांदणं! मी हात पुढे केला आणि तसाच धरून उभी राहिले. शेवटी त्याने किल्ली दिली. गाडीच्या मागच्या भागात दुकानाची पिशवी होती. पिशवीत एक नवाकोरा फ्रॉक होता, निळा आणि पिवळा. आठ वर्षांच्या मुलीच्या मापाचा.

मी फ्रॉक त्याच्यासमोर धरला. “कुठे आहे ती?”

“मला माहीत नाही! खरंच नाही!” त्याचा आवाज चिरकला. “ते लोक टीव्हीचे आहेत. मी बोलावलं. युद्धातून वाचलेली चिमुकली हळदीच्या गावात, अशी बातमी करणार होते. कंपनीचं नाव झालं असतं. ओक्साना फोटो काढू देत नाही. नवरा तिकडे आहे, तिला भीती वाटते. म्हणून आज ती नसताना...”

“तिच्या लेकीला तिच्या देशाच्या झेंड्याचा फ्रॉक घालून नाचवणार होतास.”

त्याने फ्रॉक माझ्या हातातून घेऊन पिशवीत कोंबला.

“खोलीत कधी गेला होतास?”

“यांना घेऊन गेलो. आम्ही खिडकीतून, दारातून वाकून पाहिलं. खोली रिकामी होती. वाटलं, द्वारकाबाईंनी कुठे नेलं असेल.”

“म्हणजे पोरगी नाही हे सगळ्यांत आधी तुला कळलं. आणि आपलं बिंग फुटेल म्हणून तू तोंड शिवून बसलास?”

त्याच्या डोळ्यांत भीती होती आणि ती खरी होती. या माणसाने पोरीला नेलं नव्हतं. पोरीवर नजर ठेवून तो आला तेव्हा पोरगी आधीच गेली होती. मग ती कुणाला भिऊन गेली? पांढरी गाडी यायच्या आधी तिथे आलं तरी कोण होतं?

शोधायला गेलेली माणसं परत यायला लागली. मागच्या कुंपणात एक छिंडी आहे, एक माणूस वाकून जाईल एवढी, तिच्यातून ही माणसं पलीकडे जाऊन आली होती. एक जण म्हणाला, “आबाचा गोठा पाहिला. कडब्याची गंजी पाहिली. पेव लिंपलेलंच हाय, त्याच्यावर बाज टाकून म्हातारा बसून राहिला. तिकडं काहीच न्हाई.”

४

मी छिंडीतून पलीकडे गेले.

किसनरावांच्या अंगणात मोठा कडुलिंब आहे, आणि त्याच्या गार सावलीत त्यांची बाज वर्षानुवर्षं असते. आज सावली रिकामी होती. बाज भर उन्हात टाकलेली, आणि म्हातारा तीवर ताठ बसलेला. कपाळावरून घामाच्या धारा. मांडीवर कोयता.

“आबा, दारिनाला पाहिलंत?”

“न्हाई.”

मी वाक्य पुरं करायच्या आत उत्तर आलं. ते माझ्याकडे बघतही नव्हते. माझ्या खांद्यावरून पलीकडे, आमच्या आवाराकडे बघत होते.

“कुणी आलं-गेलं?”

“तुमचा सायेब आला. संगं दोन परके. पोरीच्या खोलीत वाकून वाकून पाहून राहिले होते. नंतर तुमची माणसं आली. कडबा उपसला, गोठा उपसला.” त्यांनी कोयत्याची मूठ घट्ट धरली. “काहून इतके लोक एका लेकराच्या मागं लागले?”

“ती हरवलीय, आबा!”

ते खालच्या आवाजात म्हणाले, “पोरीची माय कवा येणार?”

“येतेय. वाटेत आहे.”

“एकटी? का कुणी धरून आणून राहिलं तिला?”

असा प्रश्न कोण विचारतं? मग माझी नजर त्यांच्या हातांवर गेली. कोपरापर्यंत ओला चिखल होता. नखांत माती होती.

“हे काय?”

“उंदरानं बिळं केली होती. बुजवली.”

बाजेजवळ प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा पडला होता, हातभर लांब, एका बाजूने नुकताच कापलेला. पांढरा भुसा अजून मातीवर होता. पुढे काही विचारायची माझी छाती झाली नाही. ऊन इतकं होतं की डोळ्यांसमोर अंधारी येत होती, आणि तो म्हातारा त्या उन्हात हलायला तयार नव्हता. ओली माती, कोयता, आणि तो प्रश्न. मी मागे मागे सरकत छिंडीपर्यंत आले आणि कशीबशी गेस्ट हाऊसमध्ये शिरले. माणसं गोळा करून आणायची, म्हाताऱ्याला धरायचं, हे मनात पक्कं झालं होतं. पण धाप लागली होती. मी त्या रिकाम्या पलंगावर बसले.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे कुणीतरी किंचाळलं.

५

तो फोन होता.

चार्जिंगला लावलेला तो जुना फोन भोंग्यासारखा ओरडत होता. आवाज खालून वर चढायचा, परत खाली यायचा, परत वर. काचेवरची लाल चौकट लुकलुकत होती. द्वारकाबाई कानांवर हात ठेवून दारात आल्या आणि म्हणाल्या, “हीच! म्याडम, हीच ॲम्बुलन्स!”

मी त्या फोनकडे बघत राहिले, आणि एकेक गोष्ट आपापल्या जागी जायला लागली.

हा भोंगा कुरुंद्याचा नव्हता, खारकीवचा होता. तिकडे विमानं आली की तिकडच्या लोकांच्या फोनवर हा वाजत असणार. नवरा तिथे आहे, म्हणून ओक्सानाने तो काढून टाकला नव्हता. आजवर हा फोन तिच्याजवळ असायचा, आवाज बारीक असायचा, आणि वाजला की लेकीला जवळ घेऊन सांगायला ती हजर असायची. आज सकाळी मी कौतुकाने तिला नवा फोन दिला. जुना पोरीकडे आला, पोरीने आवाज मोठा केला, आणि भोंगा वाजला तेव्हा सांगायला कुणी नव्हतं.

मग त्या लेकराने काय केलं असेल? जे तिला शिकवलं होतं तेच. बूट घाल. दारामागची भरलेली पिशवी उचल. पाणी घे, खाऊ घे. जो आपल्याहून लहान असेल त्याला बरोबर घे, इथे ते मांजराचं पिल्लू होतं. आणि पळ. खिडकीवरच्या फुल्याही तिनेच मारल्या असणार, काच फुटली तर उडू नये म्हणून. आम्ही ज्यांना चोरांची खूण समजलो, ती एका पोरीने केलेली घराची राखण होती.

पळून ती कुठे गेली असेल? तळघरात. आणि तळघर म्हणून आम्हीच हसत हसत तिला पेव दाखवलं होतं.

मी ताडकन उठले आणि तशीच थबकले. पेव लिंपलेलंच आहे, असं माणसं म्हणाली होती. पण गिऱ्हाइकांसाठी उघडलेलं पेव लिंपलं कधी? कालपर्यंत तर ते उघडं होतं. किसनरावांच्या हातांवरचा चिखल एप्रिलच्या उन्हातही वाळलेला नव्हता.

त्यांनी ते आत्ताच लिंपलं होतं. आणि पोरगी आत होती.

६

मी ओरडत सुटले. विश्वजीत, जळबा, दहा-बारा कामगार माझ्यामागे छिंडीतून घुसले. पलीकडे किसनराव बाजेपुढे कोयता धरून उभे होते. हात स्थिर होता.

“कुणी हात लावायचा न्हाई,” ते म्हणाले. “जो पुढं येईल त्याला तोडीन.”

“म्हाताऱ्याने मारलं तिला,” विश्वजीत किंचाळला. “धरा त्याला!”

दोघं जण पुढे झाले. मीही पुढे होणार होते. तेवढ्यात मला बाजेखाली ते दिसलं. ओल्या मातीच्या लिंपणातून प्लास्टिकच्या पाइपाचं तोंड वर आलेलं होतं, चार बोटं उंच. कापलेल्या पाइपाचा दुसरा तुकडा.

“थांबा!” मी दोन्ही हात पसरून मध्ये उभी राहिले. “मागे व्हा सगळे. विश्वजीत, तू आधी मागे हो.”

मारायचं असतं, त्याला श्वासाची सोय कोण करतं? पुरून टाकायचं असतं, तो भर उन्हात पहारा कशाला करतो? आम्ही सगळे एकमेकांना विचारत होतो की पोरीला कुणी नेलं. या एकट्या माणसाने विचारलं होतं की तिची आई कधी येणार, आणि ती आपल्या पायांनी येते आहे की कुणी धरून आणतंय.

“आबा,” मी म्हणाले. “ती पळत तुमच्याकडे आली ना? भेदरलेली?”

त्यांचा कोयता किंचित खाली आला.

“काय बोलली ते कळलं न्हाई मला,” ते म्हणाले. “पण तोंड कळलं. परवा खिडकीला फुल्या चिकटवतांनीबी तसंच होतं. तसं तोंड मी पाहिलेलं हाय. ती शिडीवरून उतरली आन खालून वर पाहून राहिली, का आता वरून झाकायचं असतं. मी झाकलं. लिंपलं. असंच करायचं असतंय. मंग लगेच हे परके लोक तिच्या खोलीत वाकून पाहाय लागले. मंग तुमची माणसं गंज्या उपसाय लागली. मी कुणाला सांगू? यातला वैरी कोणता, मला काय ठावं?”

आमच्या मागोमाग आलेल्या टीव्हीवाल्यांचा कॅमेरा विश्वजीतने स्वतःच्याच हाताने खाली दाबला.

“इथे वैरी कुणी नाही, आबा. उघडा आता.”

“न्हाई. ज्याचं लेकरू त्याच्या मायनं हाक मारल्याबिगर पेव उघडत नसतेत.”

मी पाइपाशी वाकून दारिनाला हाक मारली. आतून काही आवाज आला नाही. पुन्हा मारली. नाहीच. एवढ्याशा नळीतून किती हवा जाणार? कोयता असो नाहीतर आणखी काही असो, आता माती उकरायचीच, म्हणून मी गुडघ्यांवर बसले, आणि फाटकापाशी जीप करकचून थांबल्याचा आवाज आला.

ओक्साना छिंडीतून आली तेव्हा काट्याने तिची बाही फाटली. हरीशने वाटेत काहीच सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. तिने गर्दी पाहिली, कोयता पाहिला, ओली माती पाहिली, आणि तिच्या तोंडावरचा रंग उडाला. मी तिचा हात धरून तिला पाइपापाशी बसवलं. हरीश तिच्या कानाशी भरभर बोलत होता.

तिने पाइपाला तोंड लावलं. “दारिनो!” मग एकच शब्द, जोरात, “विद्बीय! विद्बीय!”

आतून, खोल खालून, एक बारीक आवाज आला. पाठोपाठ मांजराचं पिल्लू केकाटलं.

किसनरावांनी कोयता फेकून दिला. बाज उलथवली आणि दोन्ही हातांनी माती ओरबाडायला लागले. जळबाने झाकणाचा दगड सरकवला. आतून एक पिवळं डोकं शिडीवरून वर आलं, घामाने निथळणारं, एका हातात विजेरी, काखेत पिल्लू. आईने तिला कवटाळलं आणि दोघी तशाच जमिनीवर बसून राहिल्या. द्वारकाबाई मोठ्याने रडत होत्या, आणि खोटं कशाला सांगू, मीही रडत होते.

“इतक्या हाका मारल्या, ओ का दिली नाही गं?” मी डोळे पुसत हरीशला विचारायला लावलं.

दारिनाने काहीतरी सांगितलं. हरीश म्हणाला, “विद्बीय ऐकू येईपर्यंत आवाज करायचा नाही, असं तिला शिकवलंय, म्याडम. तिकडं भोंग्यानंतर ते सांगतात. धोका टळला, आता बाहेर या, असा त्याचा अर्थ.”

किसनराव जमिनीवर बसले होते, मातीचे हात मांडीवर उपडे टाकून.

“असं सांगतेत?” त्यांनी विचारलं. “संपलं म्हणून सांगतेत?”

“व्हय, आबा.”

“आमाला कुणी सांगितलंच न्हाई.”

मग ते थांबत थांबत बोलले. रझाकारांच्या धामधुमीत एका रात्री गावावर लोक चालून आले. आईने या पोराला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला याच पेवात उतरवलं. चुलत्याने वरून झाकून मातीने लिंपून टाकलं, घाईत हवेला भोक ठेवायचं राहिलं. मुलांना सांगितलं होतं, आवाज करायचा नाही. त्यांनी केला नाही. दुसऱ्या दिवशी पेव उघडलं, तेव्हा बहीण भावाच्या मांडीवर होती आणि भाऊ तिला झोपलेली समजत होता.

“रुख्मी नाव तिचं,” ते म्हणाले. “म्हणून आज आधी पाइप कापला. मंग माती कालवली.”

विश्वजीत केव्हाच निघून गेला होता. पांढरी गाडीही गेली. पोलीस आले तेव्हा मी त्यांना फाटकावरच गाठलं आणि पोरगी सापडली, सुखरूप आहे, असं सांगून चहा पाजून परत पाठवलं. ओक्सानाने फोनचा आवाज बारीक केला, पण तो भोंगा काढून टाकला नाही. आंद्री तिकडे होता तोवर ती तो काढणार नव्हती, आणि मी तिला तसं सुचवलंही नाही.

ऊन उतरल्यावर मी पुन्हा त्या अंगणात गेले. पेवाचं तोंड उघडंच होतं. काठाशी दारिना पालथी पडून आत डोकावत होती, आणि शेजारी किसनराव तसेच पालथे पडले होते. ती एकेक अक्षर सुटं करून त्यांना तो शब्द शिकवत होती. दात नसलेल्या तोंडातून तो नीट निघत नव्हता. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर जमला.

मग त्यांनी हात हलवून तिला गप्प राहायला सांगितलं, पेवात तोंड घातलं, आणि हाक मारली, “रुख्मे, विद्बीय गं. ये आता बाहेर.”